सगळ्यांना विचारणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी परवानगी न घेता आयुष्यात एखादा श्वास घेतला असेल, तर तो चुकून. जगात हुकूम सोडणारे, ओरबाडून घेणारे, न मागता सल्ला देणारे पायलीचे पन्नास मिळतात. पण दातण मोडण्याआधी कडुनिंबापुढे हात जोडून ‘एक काडी घेऊ का बापा?’ असं विचारणारा, आणि वर उत्तरासाठी थांबणारा माणूस मी भंडारा जिल्ह्यात, करडीकडच्या मामांच्या गावातच पाहिला. एकदा भंडाऱ्याच्या एसटीत ते माझ्या शेजारी होते. उकाडा मरणाचा, खिडकी उघडायची होती. मामांनी पुढच्याला विचारलं, मागच्याला विचारलं. पलीकडच्या बाईच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं. वारा त्यालाही लागणार, म्हणून ते उठेपर्यंत थांबले. सर्वांची संमती गोळा झाली तेव्हा गाडी स्टँडात शिरत होती. मामांनी समाधानाने खिडकी उघडली आणि आम्ही उतरलो.

आमच्या तुमसरच्या घरी आले की उंबऱ्याबाहेरच उभे. मी ‘या’ म्हटलेलं पुरत नसे. भाचीला विचारायचं, मग आत येऊन म्हणायचं, ‘जवाईबापू, मांजर कोठी हाय? तिच्या खुर्चीवर बसनं होते मले.’ मांजर उकिरड्यावर गेलेलं असायचं आणि मामा ते येईपर्यंत भिंतीला टेकून उभे. त्यांच्या घरी अंड्याची पोळी खायची तर पाहुण्याचं नशीब कोंबडीच्या मर्जीवर. एकदा खुराड्यात हात घालून त्यांनी रीतसर विचारलं, कोंबडीने चोच मारली. मामा रिकाम्या हातांनी परत आले. ‘नाई म्हनून राहिली,’ म्हणाले, आणि आम्ही कोरडे पोहे खाल्ले. भंडारा जिल्हा फोडून गोंदिया वेगळा केला त्याचं त्यांना दुःख नव्हतं, दुःख वेगळंच होतं. ‘अर्धा जिल्हा नेला बापा, अन् एका शब्दानं विचारलं नाई. म्या का नाई म्हनलं असतं?’ हे ते गोंदियाच्या सोयऱ्यांना प्रत्येक लग्नात ऐकवायचे, आणि ते बिचारे स्वतःच जिल्हा उचलून नेल्यासारखे खाली माना घालून जेवायचे.

अशा माणसाच्या धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे भातखाचरांवरून, मोठ्या दाबाची वीजवाहिनी जावी, हा योग कुणी जुळवला कोण जाणे. कंपनीचा एक तरुण साहेब आला. साताऱ्याकडचा, गोड बोलणारा, काखेत जाडजूड फाइल. पर्यावरणाची मंजुरी झाली होती, वनखात्याची झाली होती, नियोजनवाल्यांचे शिक्के उमटले होते. ग्रामपंचायतीने तर चहा निवायच्या आत ठराव दिला होता. “आता फक्त तुमची संमती राहिलीय, काका,” साहेब म्हणाला. मामा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना विचारायला कुणीतरी आलं होतं, तेही एवढ्या दुरून, गाडी करून! “मले विचारून राहिले तुमी?” असं म्हणत त्यांनी खरोखरच डोळे पुसले. मग म्हणाले, “मंग मलेई साऱ्याहिले विचारा लागन. एकट्याचं कामच नाई हे.”

झालं. दिल्ली-मुंबईची कामं उरकून आलेली फाइल आमच्या मामांच्या पडवीत येऊन बसली. मामांनी शेजारच्या बांध्यांवाल्यांना विचारलं, गुराख्याला विचारलं, बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जाळं टाकणाऱ्यांना विचारलं. बैलांना विचारलं तेव्हा साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग पाळी आली सारसांच्या जोडीची. आमच्याकडे त्या बोडीच्या काठाला सारस उतरतात, उंच, लाल मानेचे, नवराबायको कायम बरोबर. मामा चिखलात उतरले, मागे साहेब बूट हातात घेऊन. मामांनी दोन्ही हात पसरून सारसांना तार कुठून कुठे जाणार ते दाखवलं. सारस उडाले. “पाहा साहेब,” मामा ओरडले, “उठले तं तारेच्या उंचीवरूनच गेले! धुक्यात तार कशी दिसन त्याहिले? मोठे मोठे लाल गोळे टांगा तारेवर, तं त्याहिची काही तक्रार नाई.” साहेबाने हसत हसत वर कळवलं, आणि नवल म्हणजे वरून होकार आला. आज ते गोळे तिथे लटकताहेत. मामांच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं सरकारी यश.

शेवटचं राहिलं धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड. झाड उंच, बरोबर तारेच्या वाटेत. ते तोडावंच लागणार होतं. मामांनी एक अख्खी दुपार त्याच्या बुंध्यावर हात ठेवून काढली. संध्याकाळी एक पान त्यांच्या टोपीवर पडलं. पानगळीचे दिवस होते, पानं सगळ्या गावावर पडत होती. पण मामा म्हणाले, “कबूल हाय म्हंते,” आणि त्यांनी सही केली.

मामींचं नाव या हकिकतीत आत्ता येतंय. मामांच्याही हिशेबात त्या अशाच उशिरा आल्या. तो मोह मामींचा होता. सातबाऱ्यावर नव्हे, तसाच. नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून दर चैत्रात उजाडायच्या आत त्या धुऱ्यावर जायच्या, खालची जागा झाडून सारवल्यासारखी करायच्या आणि टपटपणारी फुलं वेचायच्या. सासूचा राग, पोरींच्या लग्नांची काळजी, जे काही घरात बोलता येत नसे ते त्या मोहाखाली बसून बोलून टाकत, असं मला बायकोने सांगितलं आहे.

तोडणारे आले त्या सकाळी मीही होतो. पहिली फुलं नुकतीच गळायला लागली होती. मामी टोपली घेऊन आल्या आणि बुंध्याला पाठ लावून बसल्या. करवतवाले थांबले. साहेब हळूच म्हणाला, “काका, काकूंची काही हरकत आहे का?”

“तिची?” मामा म्हणाले.

“बैलाले विचारलं,” मामी टोपलीकडे बघत म्हणाल्या, “पाखराले विचारलं. गावात कोनी विचाराचं ठेवलं नाई. मले काहून नाई विचारलं?”

मामा खाली बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना मामींसमोर जमिनीवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “तोडू का वो?”

“नाई,” मामी म्हणाल्या.

मामांनी साहेबाकडे पाहिलं. साहेबाने फाइलकडे पाहिलं. सही झालेली होती, मंजुऱ्या झालेल्या होत्या, दोन्ही बाजूंचे टॉवर उभे होते. आयुष्यभर प्रत्येक ‘नाही’चा मान ठेवलेला माणूस त्या एका ‘नाही’पुढे काही करू शकत नव्हता. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकतो. आणि कीव तर त्याहून जास्त आली. शेवटी मामीच उठल्या. जी काय दहावीस फुलं पडली होती ती वेचली, पदर खोचला आणि मागे न बघता घरी गेल्या. करवत सुरू झाली.

त्यानंतर मामांनी विचारणं सोडलं. आमच्या घरी येतात, सरळ आत येतात, खुर्चीतल्या मांजराला उठवून बसतात. चहा ठेवला तर पितात. सगळे म्हणतात, मामा सुधारले. मला मात्र ते घरात येऊन बसले तरी आल्यासारखे वाटत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. मोहाच्या खुंटाला धुमारे फुटलेत, गुडघ्याएवढे. तारेखालची झाडी छाटणारा कंपनीचा माणूस कोयता घेऊन आला आणि सवयीने मामांसमोर उभा राहिला. मामांनी मान हलवली. “मले नोको विचारू,” ते म्हणाले, “झाड तिचं हाय. ती घरात हाय, जाय, विचार.” तो माणूस गोंधळून घरात गेला. मामींनी त्याला पाणी दिलं, मग म्हणाल्या, “यंदा राहू दे बापू. पुढच्या साली येऊन विचारजो.” तो हसला आणि निघून गेला, गुडघ्याएवढ्या धुमाऱ्याने तारेचं काय वाकडं होणार होतं!

त्या झाडाला कंपनीवाले तारेपर्यंत पोचू देणार नाहीत, हे मामींना कळतं. आणि खुंटावरच्या मोहाला फूल धरायला किती वर्षं लागतात हे त्या दोघांइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नाही. तरी संध्याकाळी मामा बादली उचलतात, मामी पुढे चालतात, आणि दोघं धुऱ्यावर जाऊन त्या खुंटाला पाणी घालून येतात.