उन्हात ठेवलेला सेल

रेडिओचे सेल उतरले की आमच्याकडे ते काढून अंगणात उन्हात ठेवत. संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव त्यांच्यात येई. परतूरच्या आमच्या घरात हाच इलाज बाबांच्या छातीवर सुरू झाला आणि माझं डोकं फिरलं.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक बारीकशी गाठ असते, ती ठोक्याचा हुकूम सोडते, हे त्यांनीच मला पाटीवर काढून दाखवलं होतं. पुढे त्यांच्याच हृदयात तो हुकूम खाली पोचेना. चालता चालता ते कोसळू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. मिनिटाला सत्तर ठोके, ना कमी ना जास्त. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज नाडी मोजा. आकडा घसरला की सेल संपत आलाय समजा आणि तडक या."

त्या काळी असे सेल दोन-अडीच वर्षंच टिकत. दोन वर्षांनी आकडा चौसष्टावर आला. मी रोज सकाळी घड्याळ लावून मोजायचे आणि रोज ओरडायचे. आत्या, म्हणजे आईमागे आमचं घर सांभाळणारी बाबांची थोरली बहीण, मात्र त्यांचा सदरा काढून त्यांना उन्हात बसवायची.

"जरा तापू दे. जल्दी कशाला करून राह्यलीस?"

"आत्या, तो रेडिओ न्हाई!"

आणि बाबा? विज्ञानाचे मास्तर, उघड्या छातीने मुकाट बसून! आठ दिवस हा तमाशा चालला. आकडा एकसष्ट झाला.

नवव्या दिवशी मी घड्याळच आपटलं. "तुम्हाला बी कळत न्हाई का, बाबा? मरायचंय का?"

ते डोळे मिटूनच बोलले. "सगळं कळतंय, माय. मागच्या बारीला कापलं तवा मी जागाच होतो. निस्ती कातडी बधीर केल्ती. भेव वाटतं मला."

आठ दिवस मी त्यांचा हात धरत होते, तो फक्त आकड्यासाठी. दुसरं काही विचारलंच नव्हतं. त्या दिवशी स्वतःचाच फार राग आला.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. मनमाडला गाडी बदलून मुंबई. डब्यात सावलीची बाजू मोकळी होती. बाबांनी उन्हाची खिडकी धरली आणि सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली.

मी त्यांच्या शेजारी उन्हातच बसले आणि त्यांचा हात हातात घेतला, नाडी न मोजता.