नोंद आढळून येत नाही

काउंटरवर पासपोर्ट ठेवण्याआधी मास्टर बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ताई, जसं आहे तसं लिहा."

तुम्ही आखातात राहिला असाल तर टायपिंग सेंटर तुम्हाला ठाऊक असेल. व्हिसा, भाडेकरार, बाळाचा जन्म, कसलाही अर्ज असो, तो इंग्रजी-अरबीत टाइप करून पुढे पाठवायचा हा आमचा धंदा. आमचं दुकान इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. तिथल्या काउंटरवर बसून मला अकरा वर्षं झाली. येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी थोडं बदलून हवं असतं. कुणाला वय, कुणाला हुद्दा, कुणाला नवऱ्याचं आडनाव. "मॅडम, ॲडजस्ट करा ना!" हे मी दिवसातून दहादा ऐकते. मास्टरांच्या तोंडून ते कधीच ऐकलं नाही.

ते आमच्यापासून तिसऱ्या गाळ्यात शिवणकाम करायचे. मूळ गाव करमाळ्याकडचं, वय चोपन्न, सगळी वसाहत त्यांना मास्टर म्हणायची. एकदा व्हिसा नवा करताना कुणाच्या तरी चुकीने त्यांचा व्यवसाय 'पेंटर' म्हणून आला. मी म्हटलं, "मास्टर, दोन वर्षं चालून जाईल. कोण विचारतंय?"

"मी आयुष्यात ब्रश धरला नाही ताई. उद्या कुणी भिंत रंगवा म्हणालं तर?"

ते चार खेपा आले. 'टेलर' झालं तेव्हाच थांबले. विम्याच्या अर्जात आजार विचारला तर म्हणाले, "उजवा गुडघा. आणि एसीत शिंका येतात, तेही लिहा."

गिऱ्हाइकांनाही ते असंच सुनवायचे. कुणी बाई म्हणाली, मास्टर, ड्रेस आटला, की हे टेप गळ्यातून काढत म्हणायचे, "कापड आहे तेवढंच आहे, बाई." माझी मुलगी शाळेचा स्कर्ट आखूड करून घ्यायला गेली होती. "अंकल, इट्स टू लाँग, प्लीज," असं तिने दोनदा सांगितलं. त्यांनी शाळेच्या नियमाप्रमाणे गुडघ्याखाली चार बोटं मोजली, खडूची रेघ मारली आणि तिला चॉकलेट दिलं. ती आठवडाभर फुगून होती. चॉकलेट मात्र खाल्लं.

त्यांच्या शेजारच्या गाळ्यात लाँड्री होती. तिथे इस्त्री करायला कुसुम होती. नावावरून मला आधी ती आपल्याकडचीच वाटली होती, पण ती श्रीलंकेची. वय शेहेचाळीस, नवरा समुद्रात बुडून गेलेला, दोन मुली आईजवळ वाढलेल्या. दुपारी दुकानं थंडावली की ही दोघं मागच्या दाराशी बसून एका डब्यातलं जेवायची. डबा कधी त्यांचा, कधी तिचा. हिंदी दोघांची मोडकी होती, पण बोलणं कधी अडलेलं दिसलं नाही. ती हसायची मोठ्याने, हे हसायचे खाली बघून. अशी पाच वर्षं गेली असतील. वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

मग लाँड्री दुसऱ्या मालकाने घेतली. त्याने आपली माणसं आणली. कुसुमचा व्हिसा रद्द व्हायचा होता. देश सोडायला मिळते तेवढी मुदत तिच्या हातात होती. त्या आठवड्यात दोघं एकत्र माझ्याकडे आली. मास्टरांनी दाढी केली होती.

"ताई, लग्नाला काय काय लागतं?"

"कुणाच्या?"

त्यांनी कुसुमकडे पाहिलं. कुसुम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

मला इतका आनंद झाला की समोरचं गिऱ्हाईक मी पाच मिनिटं ताटकळत ठेवलं. अबुधाबीत आपल्यासारख्या परदेशी लोकांना कोर्टात साधं लग्न करता येतं. अर्ज, पासपोर्ट, प्रतिज्ञापत्र, की झालं. लग्न झालं की मास्टर तिला बायको म्हणून आपल्या व्हिसावर ठेवू शकत होते. त्यांचा पगार त्यात बसतो, हे मीच तपासलं. कुसुमने नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पिशवीतून काढला. प्लास्टिकमध्ये घातलेला, सगळे शिक्के जागच्या जागी. मी तिचं टाइप केलं आणि मास्टरांच्या रकान्याशी आले.

"अविवाहित लिहिते."

"नाही ताई. एकदा झालंय."

कुसुमला हे माहीत असावं. ती हलली नाही.

"मग घटस्फोटित. दाखला आणलाय?"

"काडीमोड झाली. पंचांसमोर."

"त्याचा कागद?"

"काडीचा कागद कसा असेल?" ते म्हणाले आणि स्वतःच ओशाळून हसले.

ते बावीस वर्षांचे असताना लग्न झालं. ती एकोणीसची. सात महिने नांदली. भांडण नाही, मारहाण नाही. तिचं मन दुसरीकडे होतं, एवढंच. तिने ते सरळ सांगितलं. पंच बसले, काडी मोडली, ती माहेरी गेली आणि पुढे तिचं दुसरं लग्न झालं. इतकी सगळी हकिगत माझ्या फॉर्मच्या दोन इंच रकान्यात मावणारी नव्हती. मी सुचवलं, गावी जाऊन लग्नाची नोंद शोधा. नोंद असेल तर पुढे वकील गाठू.

मास्टर वार्षिक रजा घेऊन निघाले. जाताना कुसुमला म्हणाले, "तीन हफ्ते. इन्शाल्ला." हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

ते अठराव्या दिवशी परत आले. सरळ विमानतळावरूनच, हातात बॅग तशीच. काउंटरवर एक कागद ठेवला. ग्रामपंचायतीचा दाखला होता, खाली गोल शिक्का आणि ग्रामसेवकाची सही. त्या काळच्या विवाह नोंदवहीत सदर विवाहाची नोंद आढळून येत नाही. तालुक्यालाही शोधलं होतं. तिथलं उत्तरही तेच.

मी जवळजवळ ओरडलेच, "मास्टर, हेच तर हवं होतं! रेकॉर्डच नाही. म्हणजे कायद्याने लग्न झालंच नाही. अविवाहित. खलास!"

"ग्रामसेवकही असंच म्हणाला. चहा पाजला त्यानं मला," ते म्हणाले. "पण झालं होतं ताई. मी होतो ना तिथं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तालुक्याचा एक वकील म्हणाला होता की काडीमोड कोर्टातून मान्य करून घेता येते, पण वेळ लागेल, आणि समोरच्या बाईला नोटीस जाईल. तिला विचारावं म्हणून मास्टर एसटीने तिच्या गावी गेले. ओसरीवर ती नातवाला घेऊन बसली होती. आत सुना, अंगणात जावई मोटरसायकल पुसत होता. यांनी पाणी मागितलं. तिने तांब्या दिला.

"ओळखलं का तुम्हाला?"

"ओळखलं. तांब्या देताना हात थांबला. मग म्हणाली, पावणं कुठलं? मी म्हटलं, वाट चुकलो."

जावयाने त्यांना स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडलं. वाटेत तो म्हणाला, सासू फार भली आहे. हे म्हणाले, दिसतंच.

"नोटीस गेली तर तिच्या घरात काय होईल ताई? तिचं दुसरं लग्न खरं का खोटं, हे तिची पोरं विचारणार. या वयात?"

नोटीस नको, हे मला पटलं. मग उरली होती फक्त एक खूण. अविवाहित. ती करायला मास्टर तयार नव्हते. मी समजावलं, चिडले. "तुम्ही कुणाला फसवत नाही," म्हटलं. "अहो, कागदच तुमच्या बाजूने आहे."

ते बराच वेळ खिशातल्या अंगुस्तानाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मी शिवलेला पहिला ब्लाउज तिचा होता. बाही घट्ट झाली होती. बोलली नाही. चार दिवस तसाच घातला, माझं मन मोडू नये म्हणून. दंडावर वळ उठले तेव्हा कळलं मला. आणि मी आता लिहू की अशी कुणी नव्हतीच?"

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वेडा आहे. बाई हातची जाईल." वेडेपणा मलाही दिसत होता. तरी नवऱ्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी कुसुम एकटी आली. डोळे सुजलेले. "बहनजी, उसको बोलो. एक टिक ही तो है."

मग मी एक काम केलं, ते सांगायलाच हवं. मीच फॉर्म भरला. त्या रकान्यात मीच खूण केली, प्रिंट काढली आणि दोघांना बोलावलं. वाटलं, समोर आलं की सही करतील. माणूस वाचतो कुठे? आमच्याकडे कुणीच वाचत नाही. मास्टरांनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. कुसुम त्यांच्या पेनाकडे बघत होती. रकान्याशी आले आणि पेन काउंटरवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. तेवढं करून त्यांनी मला वाचवलं, किंवा शिक्षा केली.

"मेरे लिए एक झूठ नहीं बोल सकता?" कुसुमने विचारलं. आवाज चढवला नाही.

"जो थी उसको नहीं थी बोलूँ," मास्टर म्हणाले, "तो तुमको 'है' किस मुँह से बोलूँ?"

कुसुमने आपला दाखला उचलला, पिशवीत घातला आणि बाहेर गेली. दाराची काच हलत राहिली.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती गेली. मास्टर तिची बॅग घेऊन विमानतळावर गेले होते. रागावली होती का, मी विचारलं. "नाही," म्हणाले. "बॅगचं वजन जास्त भरलं. दोघांनी बसून सामान कमी केलं. मग वेळच उरला नाही बोलायला."

त्यानंतर मास्टर दोन वर्षं इथे होते. काम चालू होतं, पण चुका व्हायला लागल्या. पँटचा एक पाय लांब, एक आखूड. गिऱ्हाइकाने दाखवलं की "माझीच चूक," म्हणून फुकट उसवून द्यायचे. सुरुवातीला दुपारी ते मागच्या दाराशी मोबाइल समोर धरून बसलेले दिसायचे. पलीकडून मोठ्याने हसणं ऐकू यायचं. मग ते आठवड्याने व्हायला लागलं, मग नुसते मेसेज. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तिकडे रेंज नसते." तेवढं एक त्यांचं बोलणं मला खरं वाटलं नाही.

गाळ्याचा करार संपला तेव्हा मालकाने दुकान बंद केलं. मास्टरांचा व्हिसा रद्द करण्याचा अर्ज मीच टाइप केला. मी चहा मागवला. त्यांनी अर्धा प्यायला. करमाळ्याला पुतण्याकडे राहणार म्हणाले. मी म्हटलं, "मास्टर, त्या दिवशी फॉर्ममध्ये मी खूण केली..."

"तुम्ही आमच्या भल्यासाठी केलंत," ते म्हणाले. "ती पण भल्यासाठीच म्हणत होती. सगळी भली माणसंच होती." आणि उठले. महिन्याभराने फोन लावला तर नंबर बंद होता. पुतण्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

यंदा एका दुपारी मला परदेशी नंबरवरून फोन आला. कुसुम होती. आधी माझ्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाली, "मास्टर का फोन नहीं लगता."

ते गावी परत गेले, मी सांगितलं. पत्ता नाही.

"उसने शादी बनाया?"

"नहीं."

बराच वेळ तिच्या बाजूला कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मैंने बनाया. लड़की लोग ने करवाया. अच्छा आदमी है." फोन ठेवण्याआधी म्हणाली, "बहनजी, मास्टर मिलेगा तो उसको मत बोलना."

मी हो म्हटलं. रांगेत पुढचा माणूस पासपोर्ट पुढे करून उभा होता. मी तो घेतला.