आधी मारणाऱ्याची बाजू

महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत बाजू चिठ्ठी उचलून ठरत असे. माझ्या चिठ्ठीवर ‘अनुकूल’ आले. विषय होता : शत्रूने हल्ला करण्यापूर्वीच त्याच्यावर हल्ला करणे न्याय्य आहे. भौतिकशास्त्राच्या सवयीने मी तो समीकरणासारखा मांडला. हल्ल्याची शक्यता गुणिले संभाव्य हानी. गुणाकार मोठा आला, की पहिला वार हा बचावच.

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी स्पर्धेआधी घड्याळ लावून ते भाषण ऐकले. ते मालवाहू जहाजावर फिटर होते आणि तेव्हा सुट्टीवर आले होते.

“काय सायंटिस्ट, वेळेत बसलं की,” ते म्हणाले. “पण समोरच्यानेही हेच गणित केलं असलं तर?”

“मग जो आधी उठेल तो जिंकेल, काका.”

“आणि मध्ये झोपलेले आमच्यासारखे?”

“तुमी तर ड्युटीवर पण झोपता!” काकू आतून ओरडल्या, आणि प्रश्न हशात विरला. मी करंडक आणला.

इतिहास मी नंतर वाचला. जुनी कसोटी कडक होती : धोका इतका समोर ठाकलेला हवा की विचाराला उसंतच उरू नये. राष्ट्रांनी ती सोयीने सैल केली. उद्या मारेल, दहा वर्षांनी मारू शकेल, शस्त्रे लपवली असतील. ती शस्त्रे कधीच सापडली नाहीत, असेही घडले आहे. तोवर शहरांचे ढिगारे झाले होते. शक्यतेचा आकडा कोण ठरवतो, हे माझ्या भाषणात नव्हतेच.

पुढे काही वर्षांनी एका देशाने दुसऱ्यावर असाच पहिला वार केला. तिसऱ्या दिवशी प्रत्युत्तर आले आणि ते वार करणाऱ्या देशाच्या बंदरात उभ्या असलेल्या काकांच्या जहाजावर पडले. काका इंजिनरूममध्ये होते. इतरांचे मृतदेह ओळखले गेले. काका सापडले नाहीत.

दोन महिन्यांनी कंपनीचा इंग्रजी फॉर्म घेऊन काकू माझ्याकडे आल्या. मी अर्थ सांगितला : पती मरण पावले असे मी गृहीत धरते, खाली सही.

“कोणी पायलं त्यांना?”

“नाही, काकू. पण शक्यता...”

“गावले न्हाय, आन मी आधीच मेले म्हणून लिवून देऊ?” काकू मूळच्या तारोडीच्या, रागावल्या की गावची बोली येते. “ज्यांनी पयलं मारलं, त्यांना तरी नक्की ठाव होतं का, समोरचा मारणार हाय म्हणून?”

करंडक मिळवणारे उत्तर मला अजून पाठ होते.

“नक्की नव्हतं, काकू.”

“मंग त्यांनी घाई केली ती पुरे झाली. मी न्हाय करणार.”

काका परतणार नाहीत, हे मला कळते. तरी मी कंपनीला फोन करून सही होणार नसल्याचे कळवले. पलीकडचा माणूस सौम्यपणे म्हणाला, “मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हैं. समझाइए उन्हें.”

मी समजावले नाही. फॉर्म माझ्या टेबलावरच राहिला आहे. नाव, हुद्दा, जन्मतारीख मी भरली. त्याखालच्या ‘मृत्यूची तारीख’ या रकान्यात, सगळे आकडे माझ्या बाजूने असूनही, काही लिहायला हात धजत नाही.