पोपटवाला हात

माझा डावा हात आवाज करतो. मनगटाच्या थोडं वर बोट ठेवलं की आत सतत घरघर लागते. डायलिसिससाठी तिथली एक शीर आणि एक धमनी ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली आहे. दवाखान्यात त्याला फिस्टुला म्हणतात. जोडल्यावर शीर हळूहळू जाड होते आणि मग तिच्यातच मशीनच्या सुया घालतात. वर्षानुवर्षं त्याच भागात सुया टोचून माझ्या हातावर दोन उंचवटे आले आहेत. कातडीखाली कुणी रताळी सरकवून ठेवली असावीत, असे दिसतात.

पवनीत मी ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. गिऱ्हाइकांना मी कोपरापर्यंत, दंडापर्यंत, फुग्याच्या, जाळीच्या, म्हणतील तशा बाह्या शिवून देते. स्वतःसाठी मात्र एकच नमुना: सैल, मनगटापर्यंत. मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकतो तेव्हाही.

"काहून वं ताई, एवढ्या उन्हात हे काय घालून राहिली?" बाया विचारायच्या.

"उन्हाची अॅलर्जी आहे मले," मी सांगायची.

आणि आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला कशाला जातेस, असं कुणी विचारलं की, अस्तर-बटणं आणायला. हे उत्तर माझ्याच अंगाशी आलं. बाया सांगू लागल्या, जातेच आहेस तर माझ्यासाठी अशी लेस आण, तशी चेन आण. डायलिसिस झाल्यावर माझ्यात उभं राहायची ताकद नसायची. मग मला बसस्टँडच्या बाकावर बसवून आमचे हे बाजारात धावायचे, हातात कापडाचा तुकडा घेऊन, त्याच रंगाची लेस शोधत. राइस मिलमध्ये काम करणारा माणूस. दुकानात बायांच्या गर्दीत उभा राहून लेस मागताना त्यांना काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही. ते घामाघूम होऊन परत यायचे, पुडी माझ्या पिशवीत टाकायचे, आणि आम्ही पवनीची बस धरायचो.

लपवायचं कारण साधं होतं. मला लाज वाटायची. किडनी म्हटलं की लोक आवाज खाली करतात, आणि मग नजर तुमच्या पोटाखाली जाते. लघवी होते का, हा प्रश्न मला नात्यातल्या पुरुषानेही विचारला होता, भर लग्नात, जेवणाच्या रांगेत. होत नव्हती. अजूनही होत नाही. जे शरीर चारचौघींसारखं साधं कामही करत नाही, ते लोकांसमोर घेऊन फिरायचं म्हणजे मला उघडं पडल्यासारखं व्हायचं.

त्या सुमारास भंडाऱ्याच्या आमच्या डायलिसिस केंद्रात नागपूरहून एक डॉक्टरबाई येऊ लागल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या संशोधन करत होत्या. खेड्यापाड्यातले पेशंट हातावर फिस्टुला करून घ्यायला का घाबरतात, आणि केल्यावर त्याची काळजी कशी घेतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. बरेच जण मानेतल्या नळीवरच डायलिसिस करत राहतात. ती नळी तात्पुरती असते, तिच्यातून जंतू आत शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, आणि त्यात माणसं दगावतात. हे त्या प्रत्येकाच्या खाटेजवळ स्टूल ओढून सांगायच्या. कुणाला झापड आली की थांबायच्या.

माझा हात त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाल्या, "किती छान चाललाय हा. इतकी वर्षं टिकवलात तुम्ही."

त्या हाताला छान म्हणणारं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं.

"याचा फोटो घेऊ का? लोकांची भीती घालवायला लागेल. चेहरा येणार नाही, नावही येणार नाही. नको असेल तर नाही म्हणा."

मी हो म्हटलं. सिस्टरने कागद वाचून दाखवला, मी सही केली. फोटो काढताना हात उशीवर नीट ठेवला, बोटं जुळवली. मशीन लावतेवेळी बाही वर केलेलीच असते, त्यामुळे वेगळं असं काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी बसमध्ये मी जरा ताठ बसले होते.

माझ्या हातावर एक गोंदण आहे, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. लहान असताना जत्रेत पोपट गोंदून घेतला होता. टोचताना मी हात ओढला, चोच वाकडी झाली, आणि पोपटाची कोंबडी झाली. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. माझं माहेरही पवनीच. माझ्या वयाच्या सगळ्या बायांना तो पोपट ठाऊक. आता तो बरोबर दोन उंचवट्यांच्या मधे बसला आहे.

काही महिन्यांनी शेजारची एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आली. लहानपणी आम्ही एकाच गल्लीत खेळलो होतो. मी टेप लावत होते आणि ती माझ्या बाहीकडे पाहत होती.

"एक विचारू का, रागावू नको."

"विचार ना."

"दवाखान्यात एक मोठा फोटो लावला आहे. त्या हातावर पोपट आहे. तो तुझाच ना वं?"

टेप माझ्या हातातून सुटली. ती उचलायला म्हणून मी वाकले आणि वाकूनच राहिले. वर पाहायची हिंमत होत नव्हती. तीही वाईट बाई नव्हती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. पण त्या हाताचाच मला जास्त त्रास झाला.

संध्याकाळी ह्यांना घेऊन मी गावातल्या दवाखान्यात गेले. औषधाच्या खिडकीजवळ, जिथे सगळ्यांना रांगेत उभं राहावं लागतं, तिथेच भिंतीवर माझा हात होता. दाराएवढा. खाली मराठीत लिहिलं होतं, घाबरू नका, फिस्टुला करून घ्या. रांगेतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणत होती, "अगा माय, हे काय झालं वं याले? साप चावला का?" तिच्यामागचा माणूस हसला. मी तिच्या शेजारी उभी होते, डावा हात पदराखाली पोटाशी धरून, चोरी पकडली गेल्यासारखी.

हे म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

"काढून टाका ना ते," मी म्हटलं.

"असं कसं काढू? सरकारी भिंत आहे."

मग बाया येऊ लागल्या. कुणी खरंच मायेने यायच्या, कुणी नुसतं पाहायला. ब्लाऊज टाकायच्या निमित्ताने बसायच्या आणि नजर बाहीवर. एकीने शिवायला दिलेलं कापड परत नेलं. म्हणाली, "तुले त्रास कायले द्यायचा, आराम कर." कापड तिने दोन बोटांनी उचललं होतं. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं. दोघींनीही मान खाली घातली.

पुढच्या डायलिसिसला डॉक्टरबाई वॉर्डात आल्या तेव्हा मला सुया लागलेल्या होत्या, उठता येत नव्हतं. पडल्या पडल्याच मी ओरडले.

"तुम्ही म्हटलं होतं कोणी ओळखणार नाही! माझ्या गावात लावला माझा हात! आता काय करू, हात तोडून टाकू?"

सगळ्या खाटांवरची डोकी वळली. मशीन सुरू होती. माझं बीपी वाढलं म्हणून माझी मशीन टीं टीं करायला लागली. डॉक्टरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता कागदावरची सही दाखवतील. त्यांनी तसं केलं नाही.

"गोंदण मी बघायला हवं होतं," त्या हळू म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी आजच काढते."

त्या खरंच त्याच दुपारी पवनीला गेल्या. दवाखान्यातल्या शिपायाने ह्यांना नंतर सांगितलं, बाई स्वतः स्टुलावर चढल्या, पोस्टर काढलं, गुंडाळलं आणि बाकावर थोडा वेळ बसून राहिल्या. पोस्टर उतरलं, पण तोंड लपवायला मला आणखी एक कारण मिळालं. हाताची लाज होतीच, त्यात त्या पोरीवर सगळ्यांदेखत ओरडल्याची भर पडली. पुढचे काही दिवस त्या आल्या की मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची.

आषाढ लागला होता. एके दिवशी दुपारी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. माणूस बाहेरूनच म्हणाला, "पोपटवाला हात इथंच का?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात मागे बसलेली बाई उतरली. तिच्या मानेवर पदर घट्ट गुंडाळलेला होता. बाकी कुणाला कळलं नसतं, मला कळलं. पदराखाली नळी होती.

दोघं जवळच्याच एका खेड्यातली, शेतकरी. बाई माझ्याहून बरीच लहान. मी पाणी विचारलं नाही. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजूनमापून प्यावं लागतं, तिला पाणी विचारणं किती जड पडतं, ते मला माहीत होतं. तिने बसल्या बसल्या सांगितलं की ताप येऊन येऊन दोनदा नळी बदलून झाली, आता डॉक्टर हाताचं ऑपरेशन करा म्हणतात.

"तुमचा हात पाहायचा होता ताई," ती म्हणाली. "फोटो पाहायले गेलो तर काढून टाकला म्हणे. मग विचारत विचारत इथं आलो."

"आत चल," मी म्हटलं. "आत दाखवते."

"नाही. यायलेच दाखवा." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "मी तयार आहे. हेच नाही म्हणून राहिले."

माणूस खाली पाहत म्हणाला, "तसं नाही जी. हाताचं असं होते म्हणतात. मग ते लोकं..."

परक्या पुरुषासमोर बाही वर करायची. गावातल्या बायांपासून जे लपवलं, ते. कानशिलं तापली. मी बटण काढलं, पण बाही वर करायला हात पुढे होईना. शेवटी त्या बाईनेच ती सरकवली.

माणसाने एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं. त्याचाही चेहरा माझ्यासारखाच तापला होता. दुसऱ्याच्या बायकोचा उघडा हात असा टक लावून पाहायची वेळ त्याच्यावरही कधी आली नसेल.

"दुखते?" त्याने विचारलं.

"सुई घालताना. एरवी नाही."

"रोवणा करता येईन का तिले?"

आता धानाची रोपं लावणं हे काही माझं काम नव्हतं. शेतात मी कधी उतरले नाही. म्हटलं, "मी शिलाई मशीन चालवते, स्वयंपाक करते. जड उचलत नाही, या हातावर झोपत नाही. रोवण्याचं तुम्ही डॉक्टरले विचारा. मी खोटं सांगणार नाही."

"रोवणा राहू द्या ना!" बायको एकदम म्हणाली. "मी राहिली तर रोवणा होईन."

मग तिने काही न विचारता माझ्या हाताला कान लावला. ऐकत राहिली. तिचे केस माझ्या पोपटावर पसरले होते. थोड्या वेळाने तिला हसू आलं.

"ऐका ना जी, मिलवानी चालू आहे," ती नवऱ्याला म्हणाली. तो कान लावायला पुढे आला नाही, एवढी अब्रू त्याने माझी राखली. पण जाताना म्हणाला, "येतो ताई. आपण करू ऑपरेशन."

तिने ऑपरेशन केलं, आणि ते फसलं. काही दिवसांतच शीर गोठली, घरघर बंद पडली. आमच्याच केंद्रात ती डायलिसिसला यायची. सिस्टरकडून हे कळलं तेव्हा मी तिच्या खाटेकडे पाहूही शकले नाही. मीच तिला हात दाखवला होता. नवरा दाराशी बसलेला असायचा, मी पदर ओढून त्याच्यासमोरून जायची. एकदा तिनेच हाक मारली.

"काहून बोलत नाही ताई? दुसरं करणार आहेत, कोपरात. तिथली शीर जाड आहे म्हणते डॉक्टर."

दुसरं टिकलं. पावसाळा संपून थंडी पडली तेव्हा मानेतली नळी निघाली, आणि त्या दिवशी तिने पदर खांद्यावर सोडला.

डॉक्टरबाईंना पोस्टर पुन्हा करायचं होतं. त्या माझ्याकडे आल्या, पण फोटो मागितला नाही. खाली बसून म्हणाल्या, "तुम्हाला राग आहे अजून?"

"नाही," मी म्हटलं. "मी तुमच्यावर ओरडायला नको होतं."

"ओरडायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. आता नवं पोस्टर गावात लावण्याआधी ज्याचा फोटो आहे त्यालाच दाखवून विचारतात, हेही त्यांनी सांगितलं.

फोटो त्या दुसऱ्या बाईचा घ्यायचं ठरलं. ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसून आली. डॉक्टरबाई फक्त हाताचा घेत होत्या, तर म्हणाली, "तोंडबी घ्या ना बाई. नुसत्या हातानं लोकं घाबरतात. तोंड पाहिलं की समजते, माणूस जिता आहे."

सगळे हसले. तिचा नवरासुद्धा. मग तिने मला हाक मारली, "ताई, या ना, बाजूले उभ्या राहा!"

डॉक्टरबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला जावंसं वाटलं. खरंच वाटलं. एक पाऊल टाकलंही. पण खिडकीतून येणारा उजेड सरळ तिच्या खाटेवर पडला होता, सगळे आमच्याकडे पाहत होते, आणि माझे पाय वॉर्डातल्या वजनकाट्याजवळच थांबले.

"तू घे काढून," मी म्हटलं. "मी इथूनच पाहते."