काच पाहिली का?

आयुष्यात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर आळेफाट्याच्या आमच्या लॅबमधल्या बाईंचा. लोक त्यांना ‘काचवाल्या बाई’ म्हणत. मशीनमधून रक्ताचा आकडा आला तरी त्याच रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिल्याशिवाय बाई रिपोर्ट सोडत नसत.

डिंगोऱ्यातल्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. पदवी होती, पण हाताला काही येत नव्हतं. बाईंनी मला खिडकीजवळच्या त्यांच्या स्टुलावर बसवून शिकवलं. रोज एकच प्रश्न, “काच पाहिली का?”

एकदा लोणीचे एक शेतकरी तापाने फणफणलेले, रिपोर्टसाठी ताटकळले होते.

“बाई, मशीननं आकडा दिलाय की. आता त्या नळीला डोळा लावून काय हुडकताय?”

“भाऊ, मशीन क्रेट मोजतं. आतला माल कच्चा का पिकला, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. बाजार चढला की तुमी हिरवा टोमॅटोबी धाडता का न्हाई?”

“धाडतो की.”

“तसंच. अंगात जंतू शिरले की हाडातली मज्जा घाईनं पांढऱ्या पेशी बाहेर काढती. पिकलेल्या पुरल्या न्हाईत, की कच्च्याबी धाडती.”

“आन् रक्त का कमी झालं मंग?”

“समदी माणसं टोमॅटोच्या तोडणीला लावली, तर कांद्याला पाणी कोण देणार? लाल पेशींचं काम मागं पडतं.”

ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “आकडा वाढला म्हणजे मज्जा लढतीय. आकडा बेताचा आणि माल समदा कच्चा, तेव्हा भ्यायचं. शिवार रिकामं झालेलं असतं.”

पुढे मोतीबिंदूने नजर अधू झाली आणि बाई आळ्याला घरी बसल्या. काचा मी पाहू लागलो.

गेल्या वर्षी तापाची साथ होती. थंडी वाजून ताप आला म्हणून बाई स्वतःच लॅबमध्ये आल्या. रांग दारापर्यंत गेली होती. मी त्यांची काच रंगवली आणि डबीत ठेवून दिली. मशीनमध्ये पांढऱ्या पेशी बेताच्या होत्या.

“साथीचाच ताप दिसतोय,” मी म्हणालो.

“काच पाहिली का?”

“हो.”

“मग बरं,” म्हणत त्या भाच्याच्या गाडीवर बसून घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांना पुण्याला न्यावं लागलं. रक्तात जंतू पसरले होते. त्याच संध्याकाळी मी डबीतली काच काढून पाहिली, आणि पत्र लिहून भाच्याच्या हाती दिलं. दोन दिवसांनी त्याने ते पाकीट न उघडलेलं परत आणून दिलं. बाई शुद्धीवर न येताच गेल्या होत्या. पत्र हे होतं:

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. काच पाहिली नव्हती. आज पाहिली. आकडा बेताचा आणि माल सगळा हिरवा. ओळखायला क्षणही लागला नाही, इतकं नीट तुम्ही शिकवलं आहे. तिथल्या डॉक्टरांना फोन करून कळवलं आहे.

माझ्या एका ‘हो’वर तुम्ही घरी गेलात. बऱ्या होऊन या आणि मला रागवा. स्टूल खिडकीजवळच आहे. ती काच मी धुतलेली नाही. तुम्ही आलात की तुमच्यासमोर पुन्हा पाहीन.