रेषेबाहेरचा हात

मी लिहावं का, याचीच धाकधूक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी वाचायला शिकलो तो आईकडून. चुकलं तर माफ करा. पण दत्तादादावर दुसरं कुणी लिहील असं वाटेना...

हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर होतो तेव्हा आईचा फोन आला. "दत्ता सकाळी उठलाच नाही रे." झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं.

नल्लकुंट्यात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मागच्या बास्केटबॉल कोर्टाच्या अर्ध्या भागात गाड्या लागत, म्हणून खेळ एकाच रिंगवर चाले. मी कुरकुरलो की दादा म्हणायचा, "अर्धंच बास आहे रे, गाड्यांना पण खेळू दे की!" पुढे त्याच अर्ध्या कोर्टाच्या खेळात तो भारताच्या संघात गेला. यात तिघं खेळतात, चौथा रेषेबाहेर थांबतो. कोचला कोर्टाशेजारी बसता येत नाही. बदली कधी करायची ते खेळाडूच ठरवतात. दमलेला बाहेर येऊन चौथ्याच्या हाताला हात लावतो, की चौथा आत. दादा चौथा होता.

परदेशातला त्यांचा शेवटचा सामना आम्ही मोबाइलवर बघितला. तिघं दमून गुडघ्यावर हात टेकत होते, आणि दादा रेषेबाहेर हात पुढे करून उभा... कुणी आलंच नाही. एका गुणानं हरले.

परतल्यावर त्यानं चेंडू कपाटावर टाकला. "चल की खाली," मी म्हणायचो. "नक्को." एकदाच बोलला, "त्यांना भरोसा नव्हता रे माझ्यावर." मग महिनोन्‌महिने त्या तिघांचे फोनही उचलले नाहीत. तसाच गेला.

तेराव्यानंतर त्या तिघांतला गुरप्रीत आला. कपाटावरचा चेंडू बघून रडायला लागला. म्हणाला, "मॅच से पहले इसने छाती पकड़ी थी. बोला, किसी को मत बताना, टीम से निकाल देंगे. तो हम तीनों ने तय किया, बताएँगे नहीं... और खिलाएँगे भी नहीं."

"दादाला हे सांगितलं होतं?" मी विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. नाही.

दत्तादादाची आई चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती हळूच गुरप्रीतला म्हणाली, "तुमको मालूम था, बेटा?"