उशीला डोकं टेकलं की

उशीला डोकं टेकलं की आवाज सुरू होतात. दिवसभर काही नाही. पडवीत चारपाच बायका बसून बोलतात तसं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत. मधेच एखादी मला हाक मारते, तेवढी कळते. पहिल्यांदा दार उघडून बघितलं, कुणी नव्हतं. भीती नाही वाटली, राग आला. दिवसभर राबून आडवं व्हावं तर ह्यांची बैठक. उठून बसलं की थांबतात. पण बसून झोपायला मी काय कोंबडी आहे?

शेजारच्या धाकट्या जावेला सांगितलं. तिला कारण लगेच सापडलं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते.

"अक्का, तेच हाका मारतायत. गुपचूप त्यांना नारळ ठेवून राखण देऊन टाक."

"इतकी वर्षं गप्प होते? आणि सासऱ्यांना सोडून मीच बरी सापडले? मी तेव्हा या घरात आलेही नव्हते."

"मी आपली सांगते."

"विहारात पंचशील म्हणतेस आणि मला राखण द्यायला सांगतेस? तुझी जीभ वळते कशी गो?"

दोन दिवसांनी माझ्याच फणसाखाली कुंकू लावलेला नारळ दिसला. कुणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती. फोडला, चांगला निघाला. बांगड्याच्या कालवणात घातला आणि वाटीभर तिलाही नेऊन दिलं. चाटूनपुसून जेवली. आवाज होते तसेच राहिले.

मग तिने मुंबईला माझ्या मुलाला फोन केला. तो धावत आला, मला रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ऐकू कमी यायला लागलं की कधी कधी डोकं आपणच आवाज तयार करतं. हे वेड नव्हे. झोपताना पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवा. मला पटलं. मुलाला नाही पटलं.

"आई, घराला कुलूप लावू. चल माझ्याबरोबर."

"तिथे कान नवे मिळतात काय?"

"रात्री एकटीला काही झालं तर?"

"काय होणार? आवाज मला मारणार आहेत?"

बंद घराचं काय होतं ते आमच्या वाडीत हवं तेवढं दिसतं. आधी वाळवी, मग साप, मग कौलं खाली. माझं घर तसं होऊ द्यायचं नव्हतं. मी पिशवी भरलीच नाही. दोन दिवस भांडण झालं. शेवटी त्याने अट घातली, रात्री काकी सोबतीला झोपेल तरच राहा. मी हो म्हटलं.

आता जाऊ रोज चटई घेऊन येते. मी रेडिओ लावते, ती बंद करते, तिला झोप लागत नाही म्हणून. दिवा मालवला की हिचं सुरू.

"अक्का, आले काय गो?"

"नाही."

"आता?"

आवाजांना गप्प बसा म्हटलं तर ते थोडे तरी दबतात. हिला सांगून उपयोग नाही. घालवूनही देता येत नाही, दुसऱ्या दिवशी मुलगा कुलूप घेऊन दारात उभा राहील. तेव्हा दोन्ही ऐकत पडून राहते.